केरबाचा फाळ

मित्रांनो, मी एक जुना फाळ आहे. फाळ म्हणजे लाकडी नांगराच्या टोकाला बसवलेली लांबट लोखंडी पट्टी, जी जमिनीत शिरते आणि माती उलथते. एवढं सांगूनही तुम्हाला ते पटणार नाही, कारण माझ्याकडे पाहिलंत तर तुम्हाला दिसेल ती तलवार. मला बाकदार पातं आहे, पितळी मूठ आहे आणि लाल मखमलीचं म्यानसुद्धा आहे. या वेशात मी पन्नासेक वर्षं काढली. लोकांनी मला हात जोडले, मला हातात धरून फोटो काढले, आणि त्या प्रत्येक वेळी मला जमिनीत तोंड लपवावंसं वाटलं. खरं म्हणजे जमिनीत तोंड घालणं हेच माझं काम होतं.

मी पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात, लोहाराच्या भट्टीवर घडलो. मला घडवून घेणाऱ्याचं नाव केरबा. ज्या आईची मुलं जगत नसत, ती नवं बाळ केरात ठेवून उचलून घेई आणि त्याचं नाव केरबा ठेवी. कुणाला नको असलेलं पोर देवही मागत नाही, अशी तिची भाबडी समजूत. हा केरबा मोठा होऊन मलकापूरच्या बाजूनं या गावात आला, तेव्हा त्याच्याजवळ फक्त एक बैल होता. एका बैलानं नांगर चालत नाही. गावातल्या चाँदभाईकडेही एकच बैल होता. दोघांनी सावड केली, म्हणजे दोघांचे बैल एका जुवाखाली आणले आणि दोघांची रानं आळीपाळीनं नांगरली.

केरबाला कसायला मिळाला तो गावानं ओवाळून टाकलेला माळ. कुसळं आणि दगड यांखेरीज तिथं काही नव्हतं. पहिल्याच तासाला, म्हणजे नांगराच्या पहिल्याच रेघेला, मी एका दगडावर असा आपटलो की माझं टोकच वाकलं. केरबानं मला सोडवलं, त्याच दगडावर ठेवून ठोकून सरळ केलं आणि पुन्हा नांगराला बसवलं. तो फार बोलणारा माणूस नव्हता. संध्याकाळी मला पुसताना मात्र तो बोटानं माझी धार चाचपायचा, आणि त्या बोटावर माझ्यापेक्षा जास्त घट्टे असायचे. त्या माळाचं पुढं रान झालं, रानाला पुढं विहीर लागली.

केरबाच्या मागं धोंडी आला, धोंडीच्या मागं रामजी, रामजीच्या मागं सयाजी. माझं टोक झिजलं की लोहार मला तापवायचा, ठोकायचा, कमी पडलं तर नवं लोखंड जोडायचा. माझ्यातलं किती लोखंड केरबाच्या वेळचं आणि किती नंतरचं, हे मलाही सांगता येणार नाही. दसऱ्याला मला धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडत. शेजारी कोयता, खुरपं, कुऱ्हाड. घरातली सगळी माणसं ओळीनं पाया पडत आणि सयाजीची आई लेकरांना सांगे, "ह्यो केरबाबाचा हात हाय, नीट डोकं टेका." तेव्हा मला लाज म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

मग घरात सगळाच्या सगळा लोखंडी नांगर आला. माझा लाकडी सोबती पावसाळ्यात सरपण म्हणून चुलीत गेला आणि मी एकटा आढ्याला खोचून राहिलो. वर्षातून एकदा, दसऱ्याला, खाली उतरायचो. तेवढ्यावरही माझं समाधान होतं, कारण त्या दिवशी माझं आणि केरबाचं नाव एकत्र घेतलं जाई.

सयाजीचा मुलगा हंबीरराव लग्नाचा झाला आणि कागलकडचे पाहुणे घर बघायला आले. मुलीचं नाव बनाबाई. तिचे वडील होते आणि एक चुलते होते. वडील अबोल, चुलते मोठे बोलघेवडे. चहा झाला, वडील उठून बाहेर गेले, चुलते मात्र मिशीवरनं हात फिरवत बसले. गप्पांच्या ओघात त्यांनी सहज विचारलं, "दसऱ्याला तुमच्यात हत्यार कंचं पुजत्यात? आमच्यात तलवार हाय, आज्याची."

सयाजीनं एकदा आढ्याकडं पाहिलं. मी तिथंच होतो. त्याची नजर माझ्यावर आली, आणि मला वाटलं आता माझं नाव निघणार. पण ती नजर तशीच खाली सरकली.

"आमच्यात बी तलवारच हाय की," तो म्हणाला. "थोरल्या भावकीकडं असती. लग्नाच्या आधी आणतो."

पाहुणे गेले आणि घरात मोठा पेच पडला. बोलून तर बसला होता, आता तलवार आणायची कुठून? हंबीररावानं सुचवलं, कोल्हापुरात जुन्या बाजारात एखादी मिळेल. ते सयाजीला पटलं नाही. त्यानं काढलेला मार्ग तुम्हाला विचित्र वाटेल, पण तो मनापासून तसाच विचार करत होता. "इकत आणल्याली तलवार म्हंजे सगळंच खोटं," तो म्हणाला. "घरचं लोखंड असलं म्हंजे निम्मं तरी खरं हाय." असं म्हणून त्यानं शिडी लावली आणि मला आढ्यावरून उपसून काढलं.

गावच्या लोहाराकडं नेलं असतं तर बोभाटा झाला असता. म्हणून बापलेक मला पोत्यात गुंडाळून एसटीनं मलकापूरला घेऊन गेले, तिथल्या लालासाब लोहाराकडं. लालासाबनं मला उलटसुलट करून पाहिलं.

"पावणं, ह्यो तर फाळ हाय," तो म्हणाला.

"व्हय. ह्येची तलवार कराय पायजे," सयाजी म्हणाला.

"करतो की. पर ही तलवार भाजी बी कापणार न्हाय, आन परत ह्येचा फाळ बी व्हायचा न्हाय. इचार करा."

सयाजीनं विचार केला नाही. हंबीररावाला भाता मारायला बसवलं. कोळसे फुलले, मी लाल झालो, मग पिवळा झालो. यापूर्वीही मी अनेकदा तापलो होतो, पण तेव्हा मला ठाऊक असायचं की उद्या पुन्हा रानात जायचंय. या वेळी घण पडत गेले तसा मी लांबत गेलो, पातळ होत गेलो, वाकत गेलो. केरबाच्या वेळच्या काही खुणा उरल्या असतील तर त्याही सपाट झाल्या. बुडाशी थोडं जाड लोखंड तेवढं लालासाबनं तसंच राखलं, त्यावर मूठ बसवायची होती म्हणून. पाण्यात बुडवून बाहेर काढलं तेव्हा मी तलवार झालो होतो. मित्रांनो, मला रडता येत असतं तर त्या दिवशी रडलो असतो.

लग्न झालं. मी भिंतीवर चढलो. पहिली सुगी आली, आणि एका दुपारी गल्लीतून घंटा ऐकू आली. हेळवी आला होता. हेळवी म्हणजे कर्नाटकाच्या अंगानं येणारे, पिढ्यान्‌पिढ्या घराघराची वंशावळ सांभाळणारे लोक. ते दारी येतात, तुमच्या मूळ पुरुषापासून सगळ्यांची नावं वाचून दाखवतात, घरात नवं कोण जन्मलं ते लिहून घेतात, आणि घरधनी त्यांना सुपानं धान्य घालतो. हा हेळवीही मोठ्या आनंदानं बैलाची घंटा वाजवत येत होता. पण नेमके त्याच वेळी कागलचे पाहुणे आमच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, जेवायला बसले होते. त्यांच्यासमोर वाचन सुरू झालं असतं तर पहिलंच नाव निघालं असतं ते केरबाचं, एका बैलाच्या धन्याचं. सयाजी हात न धुताच गल्लीत गेला. त्यानं हेळव्याला पायलीभर जोंधळे दिले आणि सांगितलं, "बोलावल्याबिगर परत येऊ नगासा." घंटा लांब जात गेली. भिंतीवर मी होतो, आणि त्या घंटेबरोबर केरबा घराबाहेर गेला हे मला कळत होतं.

पुढचं फारसं सांगण्याजोगं नाही. सयाजी वारला. हंबीररावानं कळंब्याला बंगला बांधला आणि मला दिवाणखान्यात, सोफ्याच्या वर टांगलं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो माझी गोष्ट सांगू लागला आणि दर वेळी ती थोडी वाढू लागली. केरबाचा केरोजीराव झाला, केरोजीरावाचा सरदार केरोजीराव झाला, माळाचं इनाम झालं. एका बैलाची जागा घोड्यानं घेतली. हंबीरराव वाईट माणूस नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. गोष्ट सांगताना तो माझ्याकडं कधीही बघत नसे. पाहुणे वर बघायचे आणि तो आपल्या चपलांकडं. मला ओळखणारा घरात तो एकटाच आहे, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

त्या गोष्टीवर सगळ्यात जास्त विश्वास ठेवला तो त्याच्या नातीनं, तेजस्वीनं. शाळेत असताना तिनं 'माझे पूर्वज' या विषयावर भाषण केलं. मला तिथं नेणं शक्य नव्हतं, म्हणून माझा मोठा फोटो नेला. बक्षीस मिळालं. तिनं तो कप आणून माझ्याखाली ठेवला आणि आजोबांना मिठी मारली. हंबीररावाचा चेहरा तिच्या खांद्यावरून मला दिसत होता. इतका पडलेला चेहरा मी क्वचितच पाहिला असेल.

तेजस्वी आता वकिलीचं शिकते. गेल्या वर्षी गावाकडून निरोप आला. गावानं जुन्या वस्तू ठेवायला एक खोली बांधली होती आणि सरपंचांना तिथं सरदार केरोजीरावांची तलवार हवी होती. खाली दगडी पाटी बसवायची होती, कायमची. पाटीचा मजकूर तेजस्वीनं लिहावा असं ठरलं. बैठकीत आलेल्या दहाजणांच्या तोंडावर नाही म्हणणं हंबीररावाला जमलं नाही.

दगडावर कोरायचं म्हणजे पुरावा हवा, असं तेजस्वीचं म्हणणं. ती पन्हाळ्याला तालुक्याच्या कचेरीत गेली, जुने कागद काढायला लावले, मोडी वाचणाऱ्या एका बाईंना सोबत नेलं. परत आली ती गोंधळून.

"आबा, केरबा असं नाव सापडलं बघा. केरोजीराव नाही. पुढं धंदा शेती लिहिलंय, आणि जमीन पडीक होती, यांनी लागवडीला आणली असं आहे. इनामाचा कागदच नाही की."

"जळाला असंल," हंबीरराव म्हणाला.

"जळाला कसा? बाकी सगळे कागद आहेत."

हंबीररावानं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. तेजस्वी काही गप्प बसणारी नव्हती. गावातल्या एका घराकडून तिनं हेळव्याचा फोन नंबर मिळवला आणि त्याला बोलावून घेतलं.

तो आला मोटारसायकलवर. नाव सिद्धाप्पा, परत पाठवलेल्या त्या हेळव्याचा नातू. बैल नव्हता, पण घंटा पिशवीत होती. त्यानं ती एकदा रीतीप्रमाणं वाजवली, सतरंजीवर मांडी घातली आणि कापडात बांधलेली वही उघडली. हंबीरराव समोरच्या खुर्चीत बसला होता. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. बनाबाई स्वयंपाकघरात धान्य पाखडत होत्या.

"ऐका," सिद्धाप्पा सुरात वाचू लागला. "मूळ पुरुष केरबा. मलकापूरच्या अंगानं आला. एका बैलाचा धनी. चाँदभाईसंगं सावड केली, माळ फोडला. केरबाचा धोंडी. धोंडीनं हीर पाडली. धोंडीचा रामजी. रामजीनं बांध घातले. रामजीचा सयाजी." तो थांबला.

"पुढं?" तेजस्वीनं विचारलं.

"फुडं पान कोरं हाय, अक्का. माझा आजा आलता, तवा सयाजीरावांनी त्याला गल्लीतनंच परत लावला. बोलावल्याबिगर आमी येत न्हाय."

"म्हणजे आबांचं नाव नाही? पप्पांचं नाही? माझं?"

"कसं असंल?"

तेजस्वीनं वही आपल्याकडं ओढून घेतली आणि ते कोरं पान बघत राहिली. मग तिनं विचारलं, "यात सरदार कुठं आहेत?"

"ह्या कुळात सरदार न्हाईत. नांगरट करणारं कुळ हाय," सिद्धाप्पा साधेपणानं म्हणाला. त्याच्या लेखी त्यात कमीपणा काहीच नव्हता.

तेजस्वी आजोबांकडं वळली. "आबा, मग ही तलवार कुणाची?"

मी भिंतीवर होतो. पन्नास वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहिली होती, आणि तो आला तेव्हा मला वाटलं, नको, हा म्हातारा माणूस हे सोसणार नाही. हंबीररावानं मान खाली घातली.

"ती तलवार न्हाय, बाळ. त्यो केरबाचा फाळ हाय. तुझ्या पणज्यानं मोडून घेतला. भाता मी मारला."

त्यानं सगळं सांगितलं. पोतं, एसटी, लालासाबचं बोलणं, काही वगळलं नाही. तेजस्वीचा चेहरा लालबुंद झाला होता.

"मी स्टेजवर उभं राहून सांगितलं होतं, आबा," ती म्हणाली. "कॉलेजात मैत्रिणींना घरी आणून दाखवलं. मला तरी सांगायचं होतं की."

"लाज वाटली."

"केरबाची?"

"आधी केरबाची वाटली. मग तू त्यो कप आणलास, तवापास्नं माझीच वाटाय लागली. रोज वाटती."

तेवढ्यात बनाबाई सूप घेऊन दारात आल्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पदर खोचला.

"मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या.

हंबीररावानं मान वर केली. "काय ठावं हुतं?"

"फाळ हाय त्ये. पयल्या दसऱ्याला चिंचेनं घासाय घितला तवाच कळलं. मुठीखाली जाड लोखंड हाय, तितं वसूनं घासल्याली खाच हाय." वसू म्हणजे फाळ नांगराला आवळून धरणारं कडं. "माझ्या म्हायारी नांगर हुता न्हवं?"

"आन बोलली न्हाईस?"

"तुमी कवा बोलताय त्येची वाट बघितली."

बनाबाई सिद्धाप्पाशेजारी सतरंजीवर बसल्या.

"आन आता बोलायचंच झालं तर ऐका," त्या म्हणाल्या. "माझ्या बानं तलवार बघून पोरगी दिल्याली न्हाय. चुलता सोप्यात मिशी पिळत बसलेला, तवा बा तुमच्या रानात गेलता. ढेकूळ फोडून बघितलं, हिरीत वाकून बघितलं. घरी येऊन आईला म्हणाला, माती जिवापाड राखल्याली माणसं हाईत, इथंच द्यायची. तुमची तलवार मागनं आली. बानं तिच्याकडं कवा मान वर करून बी बघितलं न्हाय."

मित्रांनो, या बोलण्यानं माझ्या जिवाला जे लागलं ते लालासाबच्या घणानंही लागलं नव्हतं. ज्या माणसासाठी मला मोडलं, तो मला न बघताच माझं काम बघून गेला होता. ते ढेकूळ मी फोडलेल्या रानातलं होतं. मी होतो तसा आढ्यावर राहिलो असतो तरी बनाबाई याच घरात आल्या असत्या. हंबीररावालाही तेच उमगलं असावं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सिद्धाप्पा अवघडून बसला होता. थोड्या वेळानं त्यानं पेन काढलं. "आण्णा, फुडची नावं सांगा. दर माणसाच्या म्होरं त्यानं काय केलं त्ये बी सांगाय लागतंय. सयाजीरावांचं बी राहिलंय."

हंबीररावानं डोळे पुसले. "लिही," तो म्हणाला. "सयाजी. सयाजीचा हंबीर. दोघांनी फाळाची लाज धरली. मोडून तलवार केली."

सिद्धाप्पाचं पेन थांबलं. "असलं लिवत न्हाईत, आण्णा. उसाचं सांगा, बंगल्याचं सांगा, कायतरी चांगलं सांगा."

"घडलं त्ये सांगितलं. त्येच लिही."

सिद्धाप्पानं बनाबाईंकडं पाहिलं. त्या नवऱ्याकडं बघत होत्या. पन्नास वर्षांत इतक्या मायेनं त्यांना कुणाकडं बघताना मी पाहिलं नव्हतं.

"लिव्ह," त्या म्हणाल्या. "आन त्येच्या फुडं लिव्ह, हंबीरनं सोता सांगितलं."

मग तेजस्वीनं आपल्या वडिलांचं नाव सांगितलं, विश्वजित. त्यानंतर आपलं सांगितलं. मुलींची नावं पूर्वी लिहीत नसत, पण सिद्धाप्पा म्हणाला, तो आता लिहितो.

आता मी गावातल्या त्या खोलीत, काचेखाली आहे. सरपंच म्हणत होते, तलवार म्हणूनच ठेवू, बघायला बरं दिसतं. हंबीररावानं ऐकलं नाही. उद्घाटनाच्या दिवशी तो माइकसमोर उभा राहिला आणि घरात सांगितलं होतं ते सगळं पुन्हा सांगितलं. काही जण हसले, काही उठून गेले, टाळी कुणी वाजवली नाही. खाली उतरताना त्याचा पाय अडखळला तेव्हा तेजस्वीनं त्याचा हात धरला. दगडी पाटीवर तिनं एवढंच कोरून घेतलंय, 'केरबाचा फाळ. याची तलवार केली गेली.'

लालासाब म्हणाला होता ते खरंच आहे, माझा पुन्हा फाळ होणार नाही. ना माती माझी उरली, ना लढाई मला कधी माहीत झाली. लाज अजून पुरती गेलेली नाही, लोक काचेवर वाकले की मी मनातल्या मनात आक्रसतो. तरी तुम्ही या. बघून झालं की घरी जाऊन थोरल्या माणसांना विचारा, आपल्या पहिल्या माणसाच्या हातात काय होतं. खुरपं होतं असं ते म्हणाले, तर मित्रांनो, ते खुरपंच राहू द्या.